तुम्ही विचारलंत म्हणून: क्वाडची चेन उतरते, घट्ट करू का?

“पोराच्या क्वाड बाइकची (चार चाकांच्या छोट्या गाडीची) चेन सारखी उतरते. अजून थोडी घट्ट करू का?” हे मला इतक्या आईवडिलांनी विचारलंय की एकदा नीट सगळं लिहून काढते. माझं उत्तर दर वेळी तेच असतं: पाना बाजूला ठेवा. इंजिन बंद करा, मागची बाजू भक्कम ठोकळ्यावर उचलून घ्या आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं ढकलून बघा.

हे मी चूक करून शिकले. माझ्या मुलाची क्वाड ११० सीसीची आहे. एका आठवड्यात तिची चेन तीनदा उतरली. तिन्ही वेळा मी ती चढवली आणि ताण जरासा वाढवला. नंतर एकदा गाडी पुसताना पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, मागे ऑइलचा ओला ओघळ दिसला. इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टचं ऑइल अडवणारं सील गेलं होतं. मी ताणलेली चेन त्या शाफ्टला सतत मागे ओढत होती. तेवढं करूनही चेन उतरायची थांबली नव्हतीच. मग सगळं सोडून मी मागचं चाक ढकललं, तर खट् आवाज करून अख्खा एक्सल बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा बाजूला सरकला.

लहान मुलांच्या बहुतेक क्वाडमध्ये मागचा एक्सल म्हणजे एकच सलग दांडा असतो. दोन्ही चाकं त्याच्यावर आणि चेनचं मोठं स्प्रॉकेटही त्याच्यावरच. एक्सल आडवा सरकू नये म्हणून त्यावर मोठे नट एकमेकांवर आवळून बसवलेले असतात. आमच्या गाडीचे ते नट ढिले झाले होते. एक्सल सरकला की स्प्रॉकेट सरकतं, आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नसलं की चेन कितीही ताणा, ती दातांवर चढून बाहेर पडणारच. नट आवळले आणि चेन उतरणं थांबलं. सील मात्र नवं घालावं लागलं. तुमच्या गाडीत नट पक्के निघाले, तर एक्सलच्या बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) आहे का आणि मोठ्या स्प्रॉकेटचे बोल्ट ढिले आहेत का, ते बघा.

आता ताणाबद्दल. चेनला झोळ, म्हणजे थोडा सैलपणा, लागतोच, आणि तो का लागतो हे कळलं की हात आपोआप आवरतो. मूल सीटवर बसलं, गाडी खड्ड्यात आदळली, की मागचा आर्म, म्हणजे एक्सलला धरणारा वर-खाली हलणारा भाग, वर जातो. पुढचं स्प्रॉकेट, आर्मचा पिव्होट (आर्म ज्या सांध्यावर हलतो तो) आणि एक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. रिकाम्या गाडीवर ‘छान घट्ट’ वाटणारी चेन त्या क्षणी तारेसारखी ताणली जाते. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन वर-खाली हलवली तर पुष्कळ छोट्या क्वाडना एकूण २० ते ३० मिलिमीटर झोळ चालतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आणि एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हळूहळू फिरवत पाच-सहा ठिकाणी बघा. चेन कुठेतरी जास्त कडक लागते, झोळ त्या कडक जागी मोजायचा. सैल जागी मोजून आवळली, तर कडक जागा पार ताठ होते.

बोटांविषयी मी फार कडक आहे. मुलं मदतीला येतात, यावीतच, पण नियम एकच: जो चाक फिरवतो, त्याच्याशिवाय कोणाचाही हात चेनजवळ नाही. किल्ली काढलेली, गाडी न्यूट्रलला. नुसतं हाताने चाक फिरवलं तरी चेन आणि दात यांच्यामध्ये सापडलेलं बोट चिरडतं. इंजिन चालू ठेवून, फिरत्या चेनला फडकं लावून पुसणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून असं कधीच करू नका. फडकं ओढलं जातं, आणि फडक्यात हात असतो. काम झालं की चेनचं कव्हर परत लावायचं, मगच मुलाला सीटवर बसू द्यायचं.

साफसफाई सोपी आहे. चिखल वाळला की ब्रशने झाडा, रॉकेल लावून पुसा, कोरडी होऊ द्या. पेट्रोल नको. ऑइल लावायची उत्तम वेळ म्हणजे फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना. खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पातळ धार सोडा, म्हणजे चेन फिरताना ते बाहेरच्या बाजूला पसरत जातं. अर्ध्या तासाने वरचं सगळं पुसून टाका. ऑइलची गरज आत आहे, पिन आणि रोलरमध्ये. वर राहिलेल्या ऑइलला माती चिकटते आणि तोच लगदा चेन घासत बसतो.

चेन ‘लांबते’ म्हणतात, तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, थोडं थोडं झिजतं, आणि ती झीज एकत्र येऊन लांबी वाढते. ४२० किंवा ४२८ नंबरची चेन असेल तर ताणून धरा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी असते तेव्हा हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं. २५९ च्या आसपास गेलं की बदला. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे वळलेले दिसले तर तीही चेनबरोबरच बदला, नाहीतर जुने दात नवी चेन लवकर खातात.

नवी चेन जोडताना लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप नीट बघून घाला. माशाच्या आकाराची ती छोटी पत्ती असते, एक टोक बंद, एक उघडं. बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला. उलटी बसली तर एखाद्या दगडाचा किंवा काटकीचा धक्का उघड्या टोकाला लागून क्लिप निघते आणि चेन सुटते. माझा मुलगा आता पक्कड घेऊन ती स्वतः बसवतो, आणि बोट ठेवून मला दाखवतो: “आई, बघ, बंद टोक पुढे आहे ना?” मग मी चाक एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा बघते.

आणि हो, नवी चेन पहिल्या एक-दोन फेऱ्यांत थोडी सैल होते. तेव्हा झोळ परत मोजा, त्याच कडक जागी.