वेसवीच्या जेट्टीवर अडीच तास: पुणे ते आंजर्ले, दोन गाड्या आणि एक रुसलेली

बागमांडल्याहून सुटलेली जंगल जेट्टी (गाड्या वाहून नेणारी फेरीबोट) वेसवीला लागली, पुढची फळी खाली पडली आणि सगळ्या गाड्या एकेक करून बाहेर गेल्या. माझी बाइक सोडून. सेल मारला, इंजिन नुसतं फिरलं. पुन्हा मारला, तेच. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा जेट्टीवरच्या दोन पोरांनी हात लावला आणि गाडी ढकलत वर काढली. गाडी अडून बसायला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. धक्का स्टार्ट करायला उतार हवा, आणि इथला एकुलता एक उतार थेट सावित्रीच्या खाडीत जातो.

आता पहिल्यापासून सांगतो. सप्टेंबर, गणपती नुकतेच गेलेले, पाऊस अजून हटलेला नाही. मी आणि माझा मेहुणा. माझी २०१३ची दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), त्याची दोन वर्षांची, इंजेक्शनवाली (तेच काम पंप आणि इलेक्ट्रॉनिक्सने करणारी). बेत साधा होता: चांदणी चौक, पौड, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले, तिसऱ्या दिवशी परत.

ताम्हिणीबद्दल वेगळं काय सांगायचं? शनिवार-रविवार टाळा, एवढंच. धबधब्याखाली रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्यांमधून वाट काढताना निसर्ग वगैरे काही दिसत नाही. आम्ही गुरुवारी निघालो होतो म्हणून निभावलं. पौड सोडलं की माणगावपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका, टाकी आधीच भरा.

घाटातच पहिला नमुना झाला. चहाला थांबलो, निघताना मेहुण्याची गाडी सुरू होईना. डिस्प्ले चालू, हॉर्न चालू, सेलचं बटण दाबलं की मात्र काहीच नाही, ‘कट’ असा आवाजसुद्धा नाही. त्याने फ्यूज बघायला सीट उघडली. मी मोठ्या अनुभवी चेहऱ्याने बॅटरीचे नट हलवून पाहिले. पंधरा मिनिटं गेली आणि मग तोच ओशाळून म्हणाला, “दाजी, किल स्विच!” रेनकोटच्या बाहीने हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण ढकललं गेलं होतं.

हसू नका, प्रत्येकाचं होतं. पावसात जाड हातमोजे आणि ढगळ बाह्या असल्या की हमखास होतं. त्यामुळे हत्यारं काढण्याआधी एक मिनिट नुसतं बघा: किल स्विच, न्यूट्रलचा दिवा, साइड स्टँड, पेट्रोलचा कॉक (टाकीखालची पेट्रोल सोडायची चावी). आजकालच्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँडला स्विच असतो. तिथे चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. स्टँड दोन-चार वेळा वरखाली करून पाण्याची बाटली त्यावर रिकामी केली की बहुतेक वेळा काम होतं. काही गाड्या गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल घेत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

माणगावला मेहुण्याने टाकी भरली. माझ्या गाडीत ‘बरंच होतं’, म्हणून मी नाही भरली. ही पहिली चूक. हरिहरेश्वरला ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या पडवीत एकाच गाडीपुरती जागा होती. मेहुण्याची नवी म्हणून ती आत गेली, माझी रात्रभर अंगणात उघड्यावर. ही दुसरी. रात्री पाऊस असा पडला की कौलांचा आवाज ऐकत दोनदा जाग आली. (देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात धोक्याचा असतो. गावातले नको म्हणाले तर खाली उतरू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही.)

सकाळी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. बागमांडला चार-पाच किलोमीटरवर. जेट्टीच्या उतारावर, बोट समोर दिसत असताना, गाडी किंचित घुटमळली. पेट्रोल संपत आलंय हे ओळखून मी कॉक रिझर्व्हला फिरवला, इंजिन बंद केलं आणि उतारावरून आपसूक खाली आलो. बोटीत दहा-पंधरा मिनिटं खाडीचा वारा खात उभे होतो, पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसत होता. किल्ल्याचं हिम्मतगड हे नाव आणि इंग्रजांनी ठेवलेलं फोर्ट व्हिक्टोरिया यावर मी मेहुण्याला व्याख्यान दिलं. मग फळी पडली.

वर काढल्यावर मी जे केलं ते तुम्ही करू नका. रागाने सेल मारत सुटलो. दहा सेकंद, पंधरा सेकंद, चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढून, चोक सोडून. इंजिन फिरण्याचा आवाज हळूहळू जड झाला आणि शेवटी सीटखालून नुसतं ‘कट्कट्कट्’ यायला लागलं. म्हणजे एक बिघाड होता त्याचे मी दोन केले. सेल एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबू नये आणि मध्ये थोडं थांबावं, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षं माहीत आहे. इंजिन जोरात फिरतंय पण धरत नाही, याचा अर्थ बॅटरी ठणठणीत आहे आणि दोष दुसरीकडे आहे. तिथेच हात आवरायला हवा होता.

किक होती म्हणून बरं. वीसेक किका मारल्यावर टी-शर्ट पिळायच्या लायकीचा झाला. मग शहाणपण सुचलं आणि इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला. पान्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो: प्लगचा पाना प्रत्येक गाडीला सारखा नसतो. डिकीत आहे तो पाना आपल्याच प्लगला बसतो का, हे घरी एकदा प्रत्यक्ष लावून बघा. वेसवीला सोळाचा बसत नाही म्हणून एकवीसचा कोणी आणून देणार नाही. प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यात साचलेलं पाणी आणि माती फडक्याने टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जातं.

प्लग ओला होता. ओला म्हणजे पेट्रोल जास्त झालं, हे माझं निदान. तसं असेल तर उपाय ठरलेला: चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि किका मारायच्या, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. केलं. काही नाही. मग ठिणगी बघितली. प्लग कॅपमध्ये बसवला, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या पात्याला टेकवला (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि प्लग हाताने धरायचा नाही, रबराच्या कॅपने धरायचा) आणि मेहुण्याला किक मारायला सांगितलं. निळी, टणटणीत ठिणगी. म्हणजे करंट आहे. तरी मी जवळचा नवा प्लग लावून पाहिलाच, कारण आता दुसरं काही सुचत नव्हतं.

शेजारी एक सहा आसनी रिक्षा पुढच्या बोटीची वाट बघत उभी होती. तिचे चाचा मघापासून विडी ओढत आमची गंमत बघत होते. ते जवळ आले, हत्यारांकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, “पोरा, रिझर्व्हला कधी लावलीस?”

“आत्ताच, पलीकडे.”

“आणि रात्री पावसात होती?”

मी हो म्हणालो. त्यांनी मी काढलेला जुना प्लग उचलून नाकाला लावला आणि माझ्या हातात दिला. वास घे म्हणाले. ओल्या प्लगला पेट्रोलचा वास जेमतेम येत होता.

कॉकची गंमत अशी असते. टाकीच्या आत त्याच्या दोन वाटा: ‘ऑन’ची नळी उंच, रिझर्व्हची तळाशी. टाकीत पाणी शिरलं तर ते तळाला बसतं, त्यामुळे ‘ऑन’वर असेपर्यंत गाडीला पत्ताच लागत नाही. ज्या क्षणी रिझर्व्हला लावाल त्या क्षणी तळातलं सगळं कार्बोरेटरमध्ये. सकाळी व्यवस्थित सुरू झालेली गाडी चार किलोमीटरनंतर का रुसली, याचं उत्तर मी स्वतःच्या हाताने फिरवलं होतं.

चाचांनी पाण्याची रिकामी बाटली अर्ध्यात कापून आणली. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक लहान स्क्रू असतो, तो दोन-तीन आटे ढिला केला की वाटीतलं बाहेर येतं. आलेलं आम्ही उन्हाकडे धरून पाहिलं. वर फिकट पिवळं पेट्रोल, खाली गढूळसर दुसरा थर आणि दोघांच्या मध्ये स्वच्छ रेघ. बाटली हलवली की खालच्या थरातून गोळे सुटायचे, साबुदाण्यासारखे, आणि परत खाली जाऊन बसायचे.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉल थोडंफार पाणी पोटात घेतं, म्हणून एखाद्या थेंबाने काही बिघडत नाही. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जातं आणि दोघं मिळून तळ गाठतात. म्हणून पेलाभर पाणी शिरलं तरी खालचा थर त्याहून कितीतरी मोठा निघतो. वरचं पेट्रोलही मग पहिल्यासारखं राहत नाही. चिकटपणा करून ते ठेवू नका, टाकी पूर्ण रिकामी करा. आम्ही कॉकची नळी काढून सगळं बाटल्यांत भरलं. खाडीत ओतायचं नाही हे चाचांनी बजावलं आणि बाटल्या स्वतःच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्यायला ठेवून घेतल्या.

नवं पेट्रोल टपरीवर मिळालं, बाटलीतलं, लिटरमागे पंचवीस रुपये जास्त देऊन. थोडं टाकून कॉक रिझर्व्हला ठेवून नळी धुऊन काढली, मग कार्बोरेटरची वाटी पुन्हा रिकामी केली. बॅटरी मेलेली, त्यामुळे किकच. सहाव्या किकला एक खोकला, नवव्याला सुरू. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली, पाचेक मिनिटांत आवाज जागेवर आला. चाचांनी पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, तोही तिसऱ्यांदा आग्रह केल्यावर.

मेहुण्याच्या गाडीचं असं झालं असतं तर? इंजेक्शनवाल्या गाडीला कॉक नाही, वाटी नाही, रस्त्यात टाकी उपसणं अवघड. तिथे चावी फिरवल्यावर टाकीतून दोनेक सेकंद ‘ऊंऽऽ’ असा पंपाचा आवाज येतो का, हे आधी ऐकायचं. आवाज नसेल तर किल स्विच, फ्यूज, बॅटरी. आवाज आहे, सेल जोरात फिरतोय आणि इंजिनचा पिवळा दिवा विझत नाही, तर उगाच उघडाउघड न करता गाडी टेम्पोत घालणं बरं. आणि बॅटरी पूर्ण मेली तर अशी गाडी धक्क्यानेही सहसा सुरू होत नाही, कारण पंपालाच करंट मिळत नाही. जुन्या गाड्यांची टिंगल करणाऱ्या मेहुण्याला मी हे दोनदा ऐकवलं.

उरलेला दिवस सुखाचा गेला. वेळास नाना फडणवीसांचं गाव. कासवांसाठी यायचं तर उन्हाळ्याच्या तोंडावर, आत्ता किनारा रिकामाच होता. केळशीहून आड्यापर्यंतचा समुद्राकाठचा रस्ता हा अख्ख्या प्रवासातला सगळ्यात देखणा तुकडा, पण वळणांवर लाल माती वाहून येते, पुढचा ब्रेक जपून. आंजर्ल्याला मुक्काम, संध्याकाळी पूल ओलांडून हर्णैचा मासळी लिलाव. परतताना दापोली, खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई. आंबेनळी पावसात दरडी पडून मध्येच बंद होतो. पोलादपूर सोडण्याआधी चौकशी करा.

टाकीत पाणी शिरलं कुठून, हे पुण्यात आल्यावर कळलं. पेट्रोलच्या झाकणाभोवती जो खोलगट भाग असतो त्याला एक बारीक भोक असतं. तिथलं पावसाचं पाणी त्यातून रबरी नळीने गाडीखाली जातं. नळी तुंबली की पाणी झाकणाभोवती साचतं आणि रबर जुनं असेल तर रात्रभरात आत झिरपतं. झाकण उघडून त्या भोकात थोडं पाणी ओता आणि खाली टपकतं का बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्या मेकॅनिकने खालच्या टोकातून तार घातली तर आधी मातीचं बूच निघालं. कुंभारमाशीचं घर. आत वाळलेले दोन कोळी होते, तिने पिल्लांसाठी साठवलेले. मेकॅनिकने ते फडक्यावर ठेवून मला दाखवले आणि म्हणाला, “साहेब, गाडी जरा चालवत जा.”