६बी, ६बी, ६बी आणि मध्येच एक ६सी

बाणेरच्या ऑफिसात आमच्या लिनक्स स्टोरेज ड्रायव्हरची (डिस्कशी बोलणारा, कर्नलमध्ये म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा कोड) चाचणी चालू होती आणि मशीन दिवसाआड पॅनिक होत होतं, म्हणजे कर्नलच कोसळत होता. दर वेळी वेगळ्याच कोणाच्या तरी हातून. एकदा नेटवर्कचा कोड, एकदा फाइल उघडणारा. बॅकट्रेसच्या (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीच्या) टोकाला मात्र केमॅलॉक, कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन. आमच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही, म्हणून मी निर्धास्त. रॅमच खराब असणार असं ठरवून रात्रभर मेमटेस्ट लावली, मग रॅम बदलली. आठवडा गेला.

शेवटी बूट करताना स्लबचं (कर्नलमध्ये मेमरीचे तुकडे वाटणाऱ्या भागाचं) डिबग चालू केलं. मशीन हळू होतं, पण सोडून दिलेल्या प्रत्येक तुकड्यात कर्नल ६बी (हेक्समध्ये) हा बाइट भरून ठेवतो आणि तो तुकडा पुन्हा कोणाला देताना ते तसेच आहेत का ते तपासतो. दुसऱ्याच दिवशी ‘पॉयझन ओव्हररिटन’ असा संदेश आला, म्हणजे त्या ६बींवर कोणीतरी लिहिलं होतं. तुकडा २५६ बाइटचा, आणि तो शेवटचा सोडला होता आमच्याच ड्रायव्हरने. थोडी लाज वाटली.

संदेशासोबत त्या तुकड्यातल्या बाइटचा डम्प होता, त्यात ओळीच्या ओळी ६बी. बरोबर १२८ व्या बाइटवर ६सी. बराच वेळ मी त्याकडे नुसती बघत बसले. कचरा पडला असता तर काहीही दिसलं असतं. इथे ६बीत फक्त एक मिळवला होता. म्हणजे मेलेल्या मेमरीत कोणीतरी मोजणी करत होतं! पाहोल (स्ट्रक्चरमधलं कोणतं फील्ड कितव्या बाइटवर ते दाखवणारं साधन) लावून आमच्या स्ट्रक्चरमध्ये १२८ वर काय आहे ते पाहिलं: रिट्राय काउंटर, म्हणजे किती वेळा पुन्हा प्रयत्न केला त्याची मोजणी. केमॅलॉक का फुटत होता तेही कळलं. आमच्या कर्नलमध्ये पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता स्लब मोकळ्या तुकड्याच्या मध्यावरच लिहितो. आम्ही त्या पत्त्यात एक मिळवत होतो आणि पुढे जो मेमरी मागायला येई तो मरे.

काउंटर वाढवणारी जागा एकच, टायमरचा हँडलर, म्हणजे वेळ भरली की चालणारं फंक्शन. पण डिव्हाइस काढताना आम्ही डेल-टायमरने तो टायमर रद्द करतच होतो. मग?

टीममधले एक सिनियर नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. चहा पिताना म्हणाले, “अगं, जागा सोडताना तू दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंस. पण जो आत्ता जिन्यात आहे त्याचं काय?” डेल-टायमर पुढची फेरी रद्द करतो, दुसऱ्या सीपीयूवर आधीच सुरू झालेल्या हँडलरसाठी थांबत नाही. थांबतो तो डेल-टायमर-सिंक.

खात्री करायला केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावलेला कर्नल बांधला. केसॅन दर आठ बाइटमागे एक बाइट हिशेबाला ठेवतो आणि चुकीचा स्पर्श झाला त्याच क्षणी पकडतो. पहिली रात्र काहीच नाही, कारण सगळंच संथ झाल्यावर वेळ जुळेना. मग हँडलरच्या सुरुवातीला २० मिलिसेकंदांचा विलंब घातला आणि डिव्हाइस जोडा-काढा असा लूप लावला. पाच मिनिटांत अहवाल हजर: कोणी घेतलं, कोणी सोडलं, कोणी नंतर हात लावला. तिन्ही नावं आमचीच.

डेल-टायमरच्या जागी डेल-टायमर-सिंक, एका शब्दाचा बदल, म्हणून संध्याकाळी आनंदात टाकला. मशीन फुटलं नाही; गोठलं. ‘सॉफ्ट लॉकअप’, म्हणजे सीपीयू कर्नलमध्येच अडकून पडलेला. डिव्हाइस काढणारा कोड ॲडॅप्टरचा स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयूला जागीच फिरत ठेवणारं कुलूप) धरून बसलेला, हँडलर त्याच लॉकची वाट बघत, आणि आम्ही हँडलर संपायची. दूधवाला जिन्यात आणि दाराला कडी आम्हीच घातलेली. (लॉकडेप, म्हणजे लॉकचे असे पेच ओळखणारा कर्नलमधला तपासनीस, चालू असता तर त्याने आधीच ओरडून सांगितलं असतं, तो आम्ही ‘मशीन हळू होतं’ म्हणून बंद ठेवला होता.)

टायमर थांबवणं लॉकच्या बाहेर, आधी आणलं. मग लॉक, मग केफ्री, म्हणजे मेमरी सोडणं. लूप शुक्रवारी रात्री सुरू केला तो सोमवारी सकाळी पावसात भिजत पोचले तेव्हाही चालूच होता. बदललेली जुनी रॅम अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पूर्ण चांगली.