दिवस राहिले म्हणून गोळी बंद

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की नाशिकमधल्या माझ्या ओपीडीत निफाड-दिंडोरीकडच्या बायका कमीच येतात. बागेतलं काम टाकून येणार कोण? म्हणूनच त्या दिवशी निफाडहून सासू-सून दोघी आल्या तेव्हा मी जरा चमकलेच.

सुनेला दहावा आठवडा. थकवा, थंडी वाजणं, पोट साफ न होणं, सगळं घरच्यांनी डोहाळ्यांच्या नावावर घातलेलं. जुनी फाइल चाळली तर लग्नाआधीपासून थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी. "घेतेस ना अजून?" ती सासूकडे बघायला लागली.

"मीच बंद केली मॅडम, दिवस राहिले तशी. पोटात जीव असताना रोज औषध कशाला?"

टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं हॉर्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारं दुसरं हॉर्मोन, तपासला. तो आला २८. गरोदरपणात तो अडीचच्या आत ठेवायला आम्ही बघतो.

सासूबाईंनी हे मायेपोटीच केलं होतं, पण गरज नेमकी उलटी असते. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहताच डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पुरेसं हॉर्मोन बनवायला तिला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर मेंदूची जडणघडण आईच्याच हॉर्मोनवर. मी म्हटलं, "मावशी, ही गोळी आता तुमच्या नातवंडासाठी पण आहे."

"बाळाला काही होईल का?" सुनेनं विचारलं. गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, बाळाचं वजन कमी भरणं, मेंदूच्या वाढीवर परिणाम, हे धोके मी लपवले नाहीत. पण लवकर सापडलंय, आजपासून गोळी सुरू केली तर बहुतेक बाळं छान होतात, हेही सांगितलं. हमी मात्र देता येत नव्हती.

सासूबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. लोह, कॅल्शियम, सगळ्या गोळ्या एकत्र. त्यांनी त्या टेबलावर मांडल्या आणि एकेक बोटानं सरकवत वेळा पाठ केल्या: थायरॉईडची पहाटे अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासानं, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री. थायरॉईडच्या गोळीत आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ती अंगी लागत नाही. "देवाला दिवा लावते तेव्हाच देईन हिला," म्हणाल्या, आणि शब्द पाळला.

दर चार आठवड्यांनी तपासणी केली. टीएसएच आधी सहावर, मग दोनवर आला. मुलगी पूर्ण दिवसांची झाली. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन तिचाही टीएसएच पाहिला, तो नॉर्मल होता. आईचा डोस बाळंतपणानंतर पूर्वीइतका केला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासला. दुसऱ्या वेळी पाळी चुकली की गोळी चालू ठेवून लगेच टीएसएच करून यायचं, हे दोघींनाही बजावून ठेवलंय.