न दिलेला असिस्ट

ऑस्ट्रेलियाच्या एनबीएल या बास्केटबॉल लीगच्या सामन्यात कोर्टाच्या कडेला जे लांब टेबल असतं, त्याच्या एका टोकाला आम्ही तिघं बसतो. मी कॉलर. नजर खेळावरून हलवायची नाही आणि घडेल ते बोलत राहायचं: "निळा सात, थ्री, चुकला. पांढरा बारा, डिफेन्सिव्ह रिबाउंड." म्हणजे निळ्यांच्या सात नंबरचा तीन गुणांचा शॉट चुकला आणि परतलेला चेंडू पांढऱ्यांच्या बाराने पकडला. शेजारची सहकारी ते लाइव्हस्टॅट्स या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते आणि शॉट जिथून मारला तिथे कोर्टाच्या चित्रावर क्लिक करते. तिसरा आमच्या दोघींच्या चुका पकडतो. लोकांना वाटतं आम्ही गुण मोजतो. गुण तर फलकावर दिसतातच. आमचं काम निवाड्याचं आहे: हा पास असिस्ट होता का, म्हणजे बास्केटचं श्रेय पास देणाऱ्यालाही जातं का, स्टील कुणाचा, म्हणजे चेंडू कुणी हिसकावला, चेंडू कुणामुळे गेला. एकेका निवाड्याला जेमतेम दोन सेकंद मिळतात.

तो सामना मेलबर्नचा. चौथा क्वार्टर, ३:४१ शिल्लक, यजमान ४ गुणांनी पुढे. त्यांच्या परदेशी पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याची, भुवई कोपराने फुटली. रक्त आलं की खेळाडूला बाहेर जावंच लागतं. टाइमआउट घेऊन तेवढ्यात रक्त थांबवलं तर गोष्ट वेगळी. कोचकडे दोन टाइमआउट होते आणि ते त्याला शेवटच्या दोन मिनिटांसाठी हवे होते. त्याने बेंचच्या टोकाकडे हात केला आणि राखीव गार्ड धावत आमच्या टेबलाशी आला.

हा खेळाडू म्हणजे नेमका कोण, ते गणिताने सांगते. सामना ४० मिनिटांचा, गार्डच्या जागा दोन, म्हणजे ८० मिनिटं. संघाला तीन परदेशी खेळाडू घेता येतात आणि त्यातले दोन बहुधा गार्डच असतात. दोघं ३२-३२ मिनिटं खेळले की उरली १६, आणि त्यांवर डोळा ठेवून बसलेले दोन-तीन ऑस्ट्रेलियन. त्यात २०१८ पासून नेक्स्ट स्टार्सची योजना आली, अमेरिकेच्या एनबीएकडे डोळे लावलेल्या तरुणांना इथल्या क्लबांत खेळवणारी. लामेलो बॉल इलावारा हॉक्सकडून खेळला, जॉश गिडी ॲडिलेडकडून, दोघंही गार्ड. २००९ पर्यंत इथे १२ मिनिटांचे क्वार्टर होते, सामना ४८ मिनिटांचा. तो ४० वर आणला तेव्हा पाच जागांची मिळून ४० मिनिटं गेली आणि माझ्या मते त्यातली बहुतेक बेंचच्या वाट्यातूनच गेली. प्रेक्षकांसाठी तो बदल चांगला होता, हे मला मान्य आहे. आठव्या-नवव्या खेळाडूचा विचार मात्र कुणी केला असेल असं वाटत नाही.

अशा खेळाडूचं वर्षही दोन तुकड्यांत जातं. इथल्या उन्हाळ्यात एनबीएल, मोसम संपला की हिवाळ्यात एनबीएल१, म्हणजे २०१९ पासूनची खालची लीग. तिथे तोच माणूस संघाचा मुख्य खेळाडू असतो, ३५-३५ मिनिटं खेळतो, चेंडू सतत त्याच्या हातात. सप्टेंबर उजाडला की पुन्हा बेंचचं टोक. सराव मात्र पूर्ण: पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून त्यांचा गार्ड बनून आपल्याच स्टार्टर्सविरुद्ध, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाच जणांविरुद्ध, खेळायचं. आपल्याकडे क्रिकेटमधला बारावा खेळाडू सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला निदान बॅटिंग करायची नसते. याला चार गुणांच्या आघाडीवर, दीड तास बसून गार पडलेल्या पायांनी थेट चेंडू हाताळायचा असतो.

टेबलाशी तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. वॉर्म-अपचा शर्ट काढला, तळहाताला जीभ लावली आणि दोन्ही बुटांचे तळ पुसले. बेंचपाशी बसून बसून तळव्यांना धूळ, तंतू चिकटतात, मग लाकडी कोर्टावर पहिल्याच वळणाला पाय सरकतो. उजवा तळवा त्याने दोनदा पुसला. बहुतेक त्याचा जोर देण्याचा पाय तो असावा.

पुढची चढाई प्रतिस्पर्ध्यांची. शॉट क्लॉकवर, म्हणजे चढाईचे २४ सेकंद मोजणाऱ्या घड्याळावर, ५ सेकंद असताना त्याने कोपऱ्याकडे चाललेल्या पासवर बोटांची टोकं लावली आणि चेंडू बाहेर गेला. बचाव करणाऱ्याने चेंडू बाहेर घालवला तर घड्याळ पुन्हा २४ वर जात नाही, उरलेल्या ५ सेकंदांतच खेळावं लागतं. त्यांना शॉट मिळाला नाही, भोंगा वाजला. नोंद: संघाचा टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावला. ज्याच्या बोटांमुळे हे घडलं त्याच्या रकान्यात काही नाही. चेंडूचा ताबा लगेच बदलला असता तर स्टील झाला असता. तो बाहेर जाऊन पुन्हा त्यांनाच मिळाला, म्हणून शून्य.

इकडे यजमानांचा एक शॉट चुकला. मग त्यांचा उंच फॉरवर्ड रिंगकडे सुसाट निघाला आणि हा दोन पाय रोवून त्याच्या वाटेत उभा राहिला. छातीवर धडक बसली आणि हा पाठीवर घसरत मागे गेला. आक्रमकाचा फाउल. टर्नओव्हर त्यांच्या फॉरवर्डच्या नावावर. याच्या नावावर 'फाउल मिळवला: १'. वर्तमानपत्रात तो रकाना छापत नाहीत.

तिसरी घटना घड्याळात २:२४ असताना. त्याने चेंडू घेऊन पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, मुसंडी मारली, दोन बचावपटू त्याच्यावर कोसळले, आणि त्याने उजव्या कोपऱ्यात पास फेकला. तिथला बचावपटू मदतीला आत आला होता, तो उलट पावली धावत सुटला. शूटरने चेंडू पकडला, शॉटची हूल दिली, बचावपटू हवेत उडून बाजूने निघून गेला, शूटरने एक ड्रिबल घेतला आणि थ्री मारला. आत.

सहकारीच्या पडद्यावर प्रश्न आला: असिस्ट? तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

नियम असा आहे. पास पेंटच्या आत मिळाला आणि गोल झाला तर असिस्ट. पेंटबाहेर मिळाला आणि ड्रिबल न घेता शॉट मारला, तरी असिस्ट. ड्रिबल घेतला असेल, तर शूटरला समोरच्याला स्वतः एकास-एक हरवावं लागलं का, ते बघायचं. हरवावं लागलं असेल तर बास्केट त्याच्या एकट्याची. हूल दिली आणि माणूस उडाला, म्हणजे हरवलं, असं मी दोन सेकंदांत धरलं.

२:०९ ला भुवईवर पट्टी लावून परदेशी गार्ड परतला. हा १ मिनिट ३२ सेकंद खेळला. तेवढ्यात आघाडी ४ वरून ७ झाली. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो सव्वादोन मिनिटं खेळला होता आणि तेवढ्या वेळात समोरच्यांनी ५ गुण जास्त केले होते. म्हणून त्या रात्रीची त्याची ओळ अशी निघाली: गुण ०, रिबाउंड ०, असिस्ट ०, स्टील ०, प्लस-मायनस, म्हणजे तो कोर्टावर असतानाचा दोन्ही संघांच्या गुणांतला फरक, उणे २. एजंट दुसऱ्या क्लबांना पाठवतो ती हीच ओळ. लीगमध्ये सिक्स्थ मॅनचा पुरस्कार आहे, पण तो बेंचवरून येऊन भरपूर गुण करणाऱ्याकडे जातो. पर्थचा डेमियन मार्टिन सहा वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला, आज त्या पुरस्काराला त्याचं नाव आहे. पण तो स्टार्टर होता. मत देणाऱ्यांनी त्याला तासन् तास पाहिलं होतं. दीड मिनिटवाल्याला मत देणार कोण?

दुसऱ्या दिवशी क्लबच्या व्हिडिओ विश्लेषकाचा मेल आला: तो असिस्ट पुन्हा पाहाल का? मी चित्रण एकेक फ्रेम सरकवून पाहिलं. प्रश्न एकच होता. बचावपटूचा मागचा पाय हुलीच्या आधी सुटला की नंतर? आधी सुटला असेल तर तो धावण्याच्या झोकातच निघून जाणार होता. त्याला पासने हरवलं, शूटरने नव्हे. मग असिस्ट. नंतर सुटला असेल तर नाही. एका फ्रेममध्ये टाच उचललेली आहे, चवडा जमिनीवर आहे आणि चेंडू शूटरच्या छातीशी आहे. पुढच्या फ्रेममध्ये चवडा सुटलाय आणि चेंडू कपाळापर्यंत पोहोचलाय. मधलं काही नाही. पहिला निर्णय स्पष्टपणे चुकला असं दिसल्याशिवाय मी तो बदलत नाही. बदलला नाही.

पण तेवढ्यासाठी सगळा सामना पुन्हा पाहताना दुसऱ्या क्वार्टरमध्ये थांबले. त्याच परदेशी गार्डचा पास, पेंटबाहेर. घेणाऱ्याने दोन ड्रिबल घेतले, समोरच्याला खांद्याने फिरवलं आणि ले-अप केला. सरळ एकास-एक. आणि माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आहे: "असिस्ट." क्षणभरही थांबले नव्हते. ज्याच्याकडून असिस्टची सवय असते त्याला तो आपोआप दिला जातो, आणि हे आमच्या धंद्यात सगळीकडे चालतं. मी ती चूक कळवली, तो असिस्ट काढला गेला. विश्लेषकाने एक मागितला होता, हातचा एक गेला. त्याने उत्तर पाठवलं नाही.

आता असिस्टबद्दल शंका आली की मी घड्याळातली वेळ वहीत लिहिते आणि हाफटाइमला तिसऱ्याला दाखवते. पास देणाऱ्याचा नंबर त्या ओळीत लिहीत नाही. ते दोन फ्रेम अजून लॅपटॉपवर आहेत. चवड्याखाली सावली दिसते का, ते मी अजूनही मोठं करून बघते.