कंपनीत का गेला नाहीत?

मी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘मॅडम, तुम्हाला एवढं कोडिंग येतं, मग हिंजवडीला का नाही गेलात?’ हे मुलं विचारतात, ॲडमिशनच्या वेळी पालक विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक तर हमखास विचारतात. बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी असतात: पैसा कमी, आणि दरवर्षी तेच ते शिकवायचं.

पैशाचं आधी सांगते. कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. हे वाईट नाही, पण तिथवर पोचणं अवघड. आपल्याकडे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचे कितीतरी वर्ग विनाअनुदानित आहेत, म्हणजे पगार सरकारकडून येत नाही, संस्था फीमधून देते. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली माणसं वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही. माझ्या बरोबरीचे काही जण याच कारणाने सोडून गेले, आणि त्यांनी योग्य केलं. ज्याच्यावर घर चालतं त्याला शिकवणं कसं पवित्र आहे हे मी ऐकवणार नाही. मला कायम पद मिळालं, म्हणून मी राहू शकले.

‘तेच ते’चं म्हणाल तर तसं अजिबात नाही. एकच प्रॅक्टिकल सांगते.

पहिल्या वर्षाला सी या प्रोग्रामिंग भाषेत फॅक्टोरियलचा प्रोग्राम असतो. १ पासून दिलेल्या संख्येपर्यंत सगळ्यांचा गुणाकार. मुलं ५ टाकतात, १२० येतं, की लगेच जर्नल घेऊन सहीला येतात. मी म्हणते, आता १३ टाक. स्क्रीनवर १९३२०५३५०४ येतं. चांगली दहा आकडी संख्या, कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही. ‘बरोबर आहे?’ ‘हो मॅडम.’ मग मी कोरा कागद पुढे करते. १ ते १३ लिही. यात १० आहे ना? मग उत्तराच्या शेवटी काय यायला हवं?

येवल्याकडून एसटीने येणारी एक मुलगी होती, बारावीपर्यंत मराठी माध्यम. लेक्चरला कधी तोंड उघडायची नाही, कारण बोलायचं तर इंग्रजीतच असं तिने धरून ठेवलेलं. कागदाकडे पाहून ती म्हणाली, ‘शेवटी शून्य हवं. इथे चार आहे. मॅडम, कॉम्प्युटर चुकलाय.’ विभाज्यतेच्या कसोट्या ती शाळेतच शिकली होती. त्या इथे उपयोगी पडतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघी-चौघींनी ते उकललं. खरं उत्तर ६२२७०२०८००. सी मध्ये पूर्ण संख्या ज्या खणात ठेवतात तो ‘इंट’. आमच्या लॅबमध्ये त्याला ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागा मिळतात, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं. न मावलेला वरचा भाग गळून पडतो: खऱ्या उत्तरातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, वजा केला की बरोबर स्क्रीनवरचा आकडा उरतो. ती वजाबाकी तिने स्वतः हाताने केली. आम्ही शिकलो तेव्हा टर्बो सी हे जुनं सॉफ्टवेअर होतं, तिथे ‘इंट’ १६ बिटांचा. ८ टाकलं की ४०३२० च्या जागी उणे २५२१६ यायचं. गुणाकारात उणे आलं म्हटल्यावर कुणालाही कळायचं. आताची चूक दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखी आहे, म्हणून ती शिकवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

‘मग लाँग लाँग केलं की झालं?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. लाँग लाँग म्हणजे ‘इंट’पेक्षा मोठा खण. करून बघा म्हणते. २० पर्यंत बरोबर चालतं, २१ ला पुन्हा उणे. मग कुणीतरी पायथॉन या दुसऱ्या भाषेत करून आणतं, तिथे २१ काय, १०० चंही नीट येतं, आणि ‘असं का?’ वरून पुढचा तास जातो. दर वर्षी प्रोग्राम तोच असतो, पण हे ‘असं का’ वेगळ्याच बाजूने येतं. मला कंटाळा यायला त्यात जागाच नाही.

हल्ली याच प्रश्नाला शेपूट जोडतात: आता चॅटजीपीटी प्रोग्राम लिहून देतं, मग तुम्ही शिकवणार काय? प्रोग्राम कुणीही लिहो, उत्तराच्या शेवटी ४ आलाय हे बघणारं माणूस लागतं. ते तयार व्हायला शेजारी कुणीतरी बसून ‘आता १३ टाक’ म्हणावं लागतं, आणि तोंडी परीक्षेला पोरगं इंग्रजीत अडलं तर ‘मराठीत सांग’ म्हणावं लागतं. कंपनीत मला चांगलं काम मिळालं असतं, यात शंका नाही. हे मिळालं नसतं.

एम.एस्सी. करणाऱ्या कुणाला या वाटेला यायचंच असेल तर गुण ५५ टक्क्यांखाली येऊ देऊ नका आणि सेट लवकर देऊन टाका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ घेतं. मुलाखतीला जाताना पद अनुदानित आहे का आणि सीएचबीचे पैसे किती महिन्यांनी हातात येतात, हे दोन्ही न लाजता विचारा. नंतर विचारायला फार उशीर होतो.