मुठीचं धान्य आणि गेटबाहेरची पंगत

मिरजेत ऊन चढायला लागलं, शाळूची सुगी उरकत आली की आमच्या चर्चच्या महिला मंडळाची लगबग सुरू व्हायची. ईस्टरची तारीख दर वर्षी वेगळी. २१ मार्चपासून पुढे जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे सण कधी मार्चअखेरीला येतो, तर कधी पार २५ एप्रिलपर्यंत लांबतो. तिथून रविवार सोडून चाळीस दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार. त्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो. मंडळाचं काम मात्र एक दिवस आधीच सुरू झालेलं असायचं. मंगळवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत बायका जमायच्या आणि कपाटावर वर्षभर पडून असलेले पत्र्याचे डबे खाली निघायचे.

हे मुठीचे डबे. कुठला डालड्याचा, कुठला बिस्किटांचा, कुठला दुधाच्या पावडरीचा. पुसून, उन्हात तापवून घरटी एक डबा द्यायचा. रोजच्या स्वयंपाकाला पीठ किंवा तांदूळ काढला की त्यातली एक मूठ या डब्यात टाकायची, पीठ असेल तर तेवढीच ज्वारी. पोत्यातनं निराळी काढायची नाही, घरच्यांसाठी मापून घेतलेल्यातनंच कमी करायची, हा नियम. मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त परिचारिका होत्या, सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. त्या दर वर्षी तेच वाक्य बोलायच्या: "पोत्यातनं काढलं तर दान झालं. पानातलं काढलं तर उपास झाला." आम्ही मुलं शाळेतून आल्यावर डब्यात डोकावून बघायचो, किती भरलाय. एखाद्या रात्री भाकरी अर्धीच मिळाली तर कुरकुर करायची सोय नव्हती, कारण उरलेली अर्धी कुठे गेली ते ठाऊक असायचं.

दर शुक्रवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना. सतरंजी, पेटी, तबला, अभंगाच्या चालीवरची भजनं. एरवी प्रार्थना झाली की चहा, चिवडा, केळी ठरलेली. उपवासकाळात मात्र फक्त पाणी. ज्या घरची पाळी असेल त्यांनी चहा-फराळाला लागले असते तेवढे पैसे मंडळाच्या पेटीत टाकायचे. माझ्या आईला हे सुरुवातीला जड जायचं, घरी आलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊन कसं पाठवायचं म्हणून. दारात उभी राहून ती प्रत्येकाला म्हणायची, "ईस्टर झाला की जेवायलाच या."

पहिल्या शुक्रवारी वाचन ठरलेलं, बायबलातला यशया संदेष्ट्याचा ५८वा अध्याय. लोक उपास करतात, मान बोरूसारखी लववतात आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेतात. देवाला असला उपास नको. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, बेघराला घरात घे, हा मला हवा तो उपास, असं तिथं परमेश्वर म्हणतो. आमच्या त्या वेळच्या पाळकसाहेबांना जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचा फार नाद. ते सांगायचे, दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्टायडीस नावाच्या तत्त्वज्ञानं रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात त्यानं लिहिलं, की यांच्यात कुणी गरजू असला आणि यांच्यापाशी जास्तीचं काही नसलं, तर हे लोक दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि वाचलेलं अन्न त्याला देतात. हे ऐकताना मोठ्या सिस्टर मान हलवायच्या आणि मागे वळून सगळ्या बायकांकडे बघायच्या. आपण काही नवीन करत नाही, हे त्यांना फार आवडायचं.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी उपासना संपल्यावर डबे वेदीपुढे यायचे. खाली पांढरी धुतलेली चादर अंथरलेली. ज्वारीची, तांदळाची, गव्हाची आणि डाळीची रास वेगवेगळी. डबा ओतताना होणारा तो आवाज मला अजून ऐकू येतो. तांदळाचा बारीक, ज्वारीचा जाड. कुणी किती आणलं हे कुणी मोजायचं नाही. एका घरची मिळकत त्या वर्षी बंद झालेली होती, त्यांच्या डब्यात जेमतेम मापटंभर ज्वारी. ती बाई मागे मागे राहिली, तर मोठ्या सिस्टरनी तिला हाताला धरून सगळ्यांच्या आधी पुढे नेलं आणि तिच्याच ज्वारीनं रास घातली. मी तेव्हा लहान होते, पण त्या वेळी आईनं पदर डोळ्याला लावलेला मला आठवतो.

मग पंगतीचे दिवस. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, झाला की सोमवार ते गुरुवार रोज संध्याकाळी जेवण.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून लांबलांबून माणसं येतात. जत, कवठेमहांकाळ तर आपलेच, पण अथणी, रायबाग, चिकोडी, विजापूर इथूनही पॅसेंजर गाडीनं रोगी यायचे. रोग्याची काही ना काही सोय व्हायची. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचं काय? म्हातारा बाप, लेकुरवाळी बायको, दहा-बारा वर्षांचा भाऊ. औषधाला पैसे पुरवायचे म्हणून ही माणसं स्वतःच्या जेवणाला कात्री लावायची. झाडाखाली गाठोडं ठेवून तिथंच निजायचं, तीन दगडांची चूल मांडून भात शिजवायचा, तेही परवडेनासं झालं की चहात पाव बुडवून दिवस काढायचा. मोठ्या सिस्टरनी नोकरीभर हे पाहिलं होतं. त्या म्हणायच्या, वॉर्डातला माणूस बरा होऊन घरी जातो आणि त्याची सेवा करणारं माणूस आजारी पडून जातं. म्हणून आमची पंगत दवाखान्याच्या गेटबाहेर, नातेवाइकांसाठी.

जेवण साधंच. भाकरी, भात, तुरीची आमटी, शेंगांची चटणी आणि एक भाजी. पण बसवून वाढायचं, पुढे पत्रावळ मांडून. रांगेत उभं करून हातात काही द्यायचं नाही, यावर मोठ्या सिस्टर ठाम होत्या. फलक लावायचा नाही, कुणाला प्रार्थनेला बसवायचं नाही, गाव-जात विचारायची नाही. विचारायचं ते एवढंच, "अजून वाढू?" आणि नको म्हटलं तरी एकदा आग्रह करायचाच. बरीच माणसं कन्नड बोलणारी, म्हणून आम्हा पोरींना त्यांनी दोन-चार वाक्यं पाठ करून घेतली होती. "बर्री, ऊट माडरी," म्हणत आम्ही झाडाखालच्या माणसांना बोलवायला पळायचो. परक्या गावात आपली बोली कानावर पडली की त्या माणसांचा चेहरा उजळायचा.

एक आजी होत्या, विजापूरकडच्या. नातवाच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. पहिल्या दिवशी त्या पंगतीला आल्याच नाहीत. झाडाला टेकून बसून राहिल्या, फुकटचं नको म्हणाल्या. मोठ्या सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन खाली बसल्या, कन्नडमध्ये काहीबाही बोलल्या आणि थोड्या वेळानं दोघी उठून चुलीकडे आल्या. आजींनी परात पुढे ओढली, पीठ मळलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. काय तो हात! पातळ, गोल, टम्म फुगलेली भाकरी, आमच्यातल्या कुणाला तशी जमत नव्हती. नंतर तीन संध्याकाळी त्या तव्यापासून हलल्या नाहीत आणि शेवटच्या पंगतीला आमच्या बायकांच्या शेजारी बसून जेवल्या. मला वाटतं, त्या वर्षीपासूनच चुलीपाशी एक पाट मुद्दाम रिकामा ठेवायची पद्धत पडली. ज्याला नुसतं जेवायला संकोच वाटतो, त्यानं तिथं बसावं, लसूण सोलावा, कोथिंबीर निवडावी.

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चूल बंद. दुपारी बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जणांची मनोगतं. "मला तहान लागली आहे," हे वचन बहुधा मंडळातल्या एखाद्या बाईकडे असायचं. तीन वाजता ओसरीवर सगळ्यांना ज्वारीची आंबील, आणि तीच आंबील मोठ्या पातेल्यातून गेटबाहेरही जायची.

शनिवारची रात्र खिरीची. ईस्टरला आमच्याकडे गव्हाची खीर लागते, आणि तीही खपली गव्हाची. गहू आधी ओलवून उखळात सडायचा, पाखडून कोंडा काढायचा, रात्रभर भिजत ठेवायचा. शिजून चांगला मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही, नाहीतर गहू तसाच टणक राहतो. हे शहाणपण आम्हाला दर वर्षी नव्यानं सांगितलं जायचं. मग किसलेलं सुकं खोबरं, खसखस, वेलदोडा, थोडी सुंठ. दूध वेगळं, वाढताना वरून घ्यायचं. एवढ्या खिरीला लागणाऱ्या डेगा आमच्याकडे कुठल्या? त्या यायच्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या भटारीचाचांकडून. भाडं कधी घेतलं नाही त्यांनी. उलट रात्री अकराच्या सुमाराला स्वतः येऊन जाळ बघून जायचे, लाकडं जरा मागे ओढायचे आणि म्हणायचे, "ताई, चाटू तळापर्यंत जाऊ द्या."

पहाटे चारला प्रभातफेरी. हातात मेणबत्त्या, पुढे ढोलकी, दफनभूमीपर्यंत भजनं म्हणत जायचं. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" गल्लीतली हिंदू-मुसलमान घरंही दारं उघडून उभी असायची. परत आल्यावर उपासना आणि मग वाचन, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातलं. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेले शिष्य किनाऱ्याकडे येतात, तर तिथं कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि भाकर. पुन्हा उठलेला प्रभू त्यांना म्हणतो, "या, न्याहारी करा." इतक्या मोठ्या घटनेनंतर त्यानं थकलेल्या माणसांसाठी चूल पेटवावी, याचं मला अजूनही नवल वाटतं. वाचन झालं की खीर. पण पहिली डेग गेटबाहेर, दुसरी आपल्याला. लहान मुलांनाही यात सवलत नव्हती. नवे कपडे घालून आम्ही द्रोण घेऊन गेटवर उभं राहायचो, वाढायला. भूक लागलेली असायची, खिरीचा वास नाकात भरलेला असायचा, आणि तरी ती वाट बघणं गोड वाटायचं.

पुढे काळ बदलला. पंगतीऐवजी पाकिटं द्यावीत, असा विचार मंडळात निघाला. वेळ वाचतो, जागा लागत नाही, हे खरंच आहे. पाकिटानं पोट भरतं याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण पाकीट घेऊन माणूस निघून जातो. त्याच्या घरी कोण आजारी आहे हे आपल्याला कळत नाही आणि त्यालाही कुणी आग्रह करत नाही. मी पंगतीच्या बाजूनं बोलले आणि आजही तेच म्हणेन. २०२० साली मात्र इलाज नव्हता. ईस्टर १२ एप्रिलला होता, चर्चला कुलूप, आणि कारखान्यांच्या आवारात ऊसतोड कामगार अडकून पडलेले, गाव मराठवाड्यात आणि जायला वाहन नाही. त्या वर्षी मुठीचे डबे घरूनच पिशव्यांत रिकामे झाले, पीठ, डाळ, तेल, चटणी बांधून स्वयंसेवकांच्या हाती गेली. खीर कुणीच केली नाही.

२०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला आला, रोजे त्याच्या तीन दिवस आधी सुरू झाले होते. भटारीचाचांचा मुलगा आता डेगा बघतो. त्याच्या घरून शुक्रवारच्या प्रार्थनेला खजूर आले, "तुमचाही उपास, आमचाही" असा निरोप घेऊन. त्या संध्याकाळी नुसत्या पाण्याचा नियम आम्ही मोडला आणि प्रत्येकानं एकेक खजूर खाल्ला. मोठ्या सिस्टर असत्या तर त्यांनी आधी दोन मागून घेतले असते, एक स्वतःला आणि एक वाढायला.

त्यांच्या जागी आता माझी भाची आहे. दुपारी कुणालाच नोकरीतून सुटका नसते, म्हणून तिनं बैठक रात्री आठला नेली आहे. डबे प्लॅस्टिकचे झाले, नियम तोच, मापलेल्यातली मूठ. यंदाची खपली तिनं ओळखीच्या शेतकऱ्याकडे आधीच सांगून ठेवली आहे. मिरज-सांगलीत असाल आणि चाटू धरायला यावंसं वाटलं, तर ईस्टरच्या आदल्या रात्री दहानंतर या. कुठल्या धर्माचे, कुठल्या गल्लीतले हे कुणी विचारणार नाही. हात धुऊन या, आणि खीर तळाला लागू देऊ नका.