भिगवणला फ्लेमिंगो सोडून जाळ्यामागे

सुरुवात तीर्थन नदीच्या फोटोंनी झाली. ऑफिसातला एक मित्र हिमाचलात ट्राउट धरायला जाऊन आला आणि टपरीवर चहा गार होईपर्यंत मोबाईल पुढे करत बसला. मागे देवदारांचं काळोखं रान, पुढे मांडीइतक्या पाण्यात उभा माणूस आणि हवेत उन्हाने चमकणारी दोरीची वेलांटी. फोटो झकास होते. पण तिथवर जायचं म्हणजे सुट्टी, रात्रभराची बस, वर ट्राउटचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. जानेवारी चालू होता आणि माझ्याकडे एक रविवार होता. म्हटलं, मासेमारीच टिपायची तर भिगवण काय वाईट आहे?

उजनी धरणाच्या पाण्याकाठचं भिगवण म्हटलं की पुणेकराला फ्लेमिंगो आठवतात. एवढ्या मोठ्या लेन्सा घेऊन लोक तिथे जातात आणि शेजारी जाळं फेकणाऱ्या माणसाला म्हणतात, "दादा, जरा बाजूला व्हा, पक्षी उडतील." मीही पूर्वी तेच केलंय. यंदा ठरवलं, पक्षी दिसले तर बघायचे, कॅमेरा त्यांच्याकडे वळवायचा नाही.

कोथरूडहून पहाटे चारला निघालो. सोलापूर हायवेने उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असं करत साधारण 100 किलोमीटर. पाटसला टोल. भिगवणच्या पुढे डावीकडे वळून कुंभारगावच्या काठावर आलो तेव्हा अजून अंधार होता. जानेवारीत सूर्य सातनंतरच उगवतो, त्यामुळे साडेसहाला पोचलात तरी चालेल. त्याहून उशीर मात्र नको. रात्री लावलेली जाळी पहाटेच उचलतात, आणि ऊन वर आलं की पाण्यावरची वाफही जाते.

पहिली चूक गाडीतच झाली. हीटर लावून बसलो होतो, कॅमेरा मांडीवर. बाहेर थंडीत काढल्यावर काही झालं नाही, पण हात गारठले म्हणून दहा मिनिटांनी परत गाडीत शिरलो आणि लेन्सवर धुकं साचलं. कॅमेरा बॅगेत चेन लावून ठेवा आणि बाहेर काढलात की बाहेरच राहू द्या.

काठावर साठीचे एक मामा जाळं उलगडत होते. आधी विचारलं. म्हणाले, "फटू काढायचाय व्हय? काढा की. पण मासं घाबरवू नका." मी उत्साहाच्या भरात त्यांना सूर्याच्या बाजूला उभं राहून जाळं फेकायला सांगितलं. बिचाऱ्यांनी दोनदा फेकलं. दोन्हीदा रिकामं. मग शांतपणे म्हणाले, "तुमचं झालं का? झालं असंल तर मी आता मासं धरतो."

कान लाल झाले. पण त्यांचं बोलणं खरं होतं. मी सांगितलेल्या जागी मासे नव्हतेच. फोटोतही ते दिसत होतं: नजर माझ्याकडे, हात सैल, जाळं म्हणजे नुसती भिरकावलेली चादर. त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं आणि ते जिथे जातील तिथे मागून चाललो. तासाभरात जे मिळालं ते सगळं त्यामुळे.

जाळं फेकणं इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघितलं. दोरीचा फास डाव्या मनगटात. जाळ्याचा एक भाग डाव्या कोपरावर टाकलेला, शिसं लावलेल्या कडेचा थोडा तुकडा दातात धरलेला, उरलेली कड उजव्या हातात. मग माणूस थांबतो. मामा तर एकेकदा दोन-तीन मिनिटं थांबत, पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघत. मग कंबर मागे वळते, अंग फिरतं, दात सुटतात आणि जाळं हवेत गोल उघडतं. शिशाचे मणी पाण्यावर पडतात तेव्हा पावसाच्या पहिल्या सरीसारखा आवाज येतो. सगळा खेळ सेकंदभराचा.

म्हणून बटण जाळं सुटल्यावर दाबू नका, उशीर झालेला असतो. कंबर मागे वळली की दाबायला लागा आणि दाबून धरा. शटर 1/1600 किंवा 1/2000, नाहीतर थेंबांच्या रेघा होतात. माझा ऑटोफोकस पहिल्या वीस फोटोंत जाळ्यालाच चिकटला, चेहरा गेला. मग मामा थांबलेले असताना चेहऱ्यावर फोकस धरून तो तसाच कुलूपबंद केला; ते जागेवरून हलत नव्हते, त्यामुळे जमलं. 70-200 लेन्स पुरली. पक्ष्यांसाठीची लांबलचक लेन्स इथे नुसतं ओझं, तिच्यात जाळं मावतच नाही.

आणि तीर्थनच्या फोटोंतली एक गोष्ट इथे जशीच्या तशी लागू पडते. सूर्य समोरून येत असेल तर जाळ्यामागे गडद काहीतरी हवं. पांढऱ्या आभाळावर जाळं दिसतच नाही. पलीकडचा काठ अजून सावलीत असताना खाली वाकून, तो काठ जाळ्यामागे येईल असा कॅमेरा धरला, की प्रत्येक गाठ आणि प्रत्येक थेंब वेगळा पेटतो. देवदार नाहीत तर वेड्या बाभळीही चालतात.

खाली वाकायचं म्हणजे गाळात. गाळ साधा नाही. माझी एक चप्पल अजून उजनीतच आहे. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, जास्तीची पँट न्या, अंग पुसायला टॉवेल आणि भरपूर साधं पाणी. धरणाचं पाणी हिरवट असतं आणि वासही येतो. त्यावर नाक मुरडायचा आपल्याला हक्क नाही, कारण मुळा-मुठेत आपण जे सोडतो ते भीमेतून इथेच येऊन थांबतं. 1980 साली पूर्ण झालेलं 117 टीएमसीचं धरण, आणि त्यात आपल्या सिंक-संडासाचा वाटा.

होडीतून जायचं असेल तर दर आधी ठरवा आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय पाय ठेवू नका. गळ्यात कॅमेरा आहे, जॅकेट अडचणीचं होतं वगैरे ऐकून घेऊ नका. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान याच पाण्यात वादळी वाऱ्याने होडी उलटून सहा जण गेले. मी होडीत अर्धा तासच बसलो. शेजारच्या होडीतली मंडळी कुरव पक्ष्यांना फरसाण टाकत होती. फोटो छान येतात म्हणे. काय बोलणार.

नऊनंतर उजेड चपटा झाला. भिगवणच्या मासळी बाजारात डोकावलो, तिथे चिलापीचे ढीग. मामांच्या जाळ्यातही मुख्यतः तीच. कुलूच्या नद्यांत ट्राउट जसा इंग्रजांनी आणलेला, तशी चिलापीही मूळची आफ्रिकेची. आता भीमेच्या काठावर तिच्याशिवाय थाळी होत नाही. तळलेली चिलापी आणि भाकरी खाऊन बाराला निघालो. जाण्यापूर्वी मामांकडून दोन किलो मासे घेतले. पोज दिल्याचे पैसे हातावर टेकवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, भाव मात्र करू नका.

फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा दोन फोटोंचे प्रिंट नेले. एक माझा लाडका: जाळं अर्धवट उघडलेलं, एका बाजूला झेपावणारं, थेंबांचा पिसारा. दुसरा साधाच, नीट गोल जाळं, म्हणून बरोबर घेतलेला. मामांनी लाडका प्रिंट लांब धरून बघितला, मग बायकोला हाक मारून दाखवला आणि दोघं हसायला लागली.

"ह्ये जाळं उघडलंच न्हाई," मामा म्हणाले. "ह्यो तुमच्याकडंच ठिवा."

दुसरा त्यांनी घरात नेला.